मिरग ७ जूनलेच काऊन लागते अन् पोळा दरसाल काऊन सरकते?

वावरवाला (दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा हाय पण आमच्या पारावर त्याच्यावरून दोन दिवस झाले कल्ला चालू हाय म्हणून इथं टाकतो. पेरणीच्या टायमाले सगळे मिरगाची वाट पायतात, अन् मिरग दरवर्षी ७ नाईतं ८ जूनले लागतेच लागते, त्याच्या आधी रोहिणी २५ मेच्या आसपास, म्हणजे हे नक्षत्रं इंग्रजी तारखेले चिकटूनच बसले हायेत. मग पोळा काऊन असा उंडारते? २०२३ ले १४ सप्टेंबर, २०२४ ले २ सप्टेंबर अन् २०२५ ले २२ ऑगस्ट. एकाच पंचांगात दोन्ही छापून येतात, एक खुट्याले बांधेल बैल अन् एक दावं तोडून पळेल गोऱ्हा, हे कसं काय?

आमचे एक काका म्हणते का मिरग इंग्रजाच्या कॅलेंडरवरून उचलला. दुसरे म्हणते का आर्यभटानं दोन हजार वर्षाआधीच सगळं काढून ठेवलं, आता फक्त छापाचं काम रायलं. मले दोन्ही पटत नाई. मी बी.ए. वाला मानूस, गणिताशी दहावीपासून बोलचाल बंद. पण थ्या काळी ना दुर्बीण ना कॅल्क्युलेटर, मग अमावास्या इतक्या घटी इतक्या पळाले संपते हे ते लोक कसे काढत? समजन अशा भाषेत कोणी सांगजा. पावसानं ताण देला हाय, रिकामाच हावो सध्या.

निवृत्त_मास्तर (अकोला जिल्हा)

दोन्ही काका चुकले, पण थोडे थोडेच.

मिरग म्हणजे सूर्याचं नक्षत्र. आकाशाचं ३६० अंशांचं रिंगण २७ नक्षत्रांत वाटलं की एकेकाच्या वाट्याला १३ अंश २० कला येतात. सूर्य रोज साधारण अंशभर पुढे जातो, तो रोहिणीचा वाटा संपवून मृगाच्या वाट्यात शिरला की आपण म्हणतो मिरग लागला. सूर्याची फेरी ३६५ दिवस आणि वर सहा तास काही मिनिटं एवढ्याची, आणि इंग्रजी वर्षही सूर्याचंच, म्हणून दोघं जोडीनं चालतात. कोणी कोणाकडून उचललं नाही. बारीक नजर असेल तर पंचांगात बघा, उन्हाळ्यात एक नक्षत्र १४ दिवस राहतं आणि हिवाळ्यात १३, कारण या दिवसांत सूर्य हळू चालतो आणि थंडीत जरा जोरात. हे जुन्या लोकांना माहीत होतं, त्याला ते मंदफल म्हणत आणि मधल्या गतीच्या सूर्यात तेवढी दुरुस्ती करत.

पोळा मात्र श्रावणातल्या अमावास्येचा, म्हणजे चंद्राच्या हिशोबातला. बारा चांद्रमहिने झाले की ३५४ दिवस होतात, सूर्याच्या वर्षापेक्षा ११ कमी. म्हणून पोळा दरसाल तेवढा मागं येतो. असाच येऊ दिला तर आठ-दहा वर्षांत पोळा भर उन्हाळ्यात येईल आणि तान्ह्या पोळ्याला लेकरं चटक्यानं पळतील. म्हणून धोंड्याचा महिना. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलतच नाही तो अधिक, नियम एवढाच. २०२३ ला अधिक श्रावण होता, त्यामुळेच पोळा १४ सप्टेंबरला गेला. २०२६ चा अधिक ज्येष्ठ, त्यानं पोळा परत सप्टेंबरात जातो, आणि जावईबापूही येतात अनारसे खायला.

आता आर्यभट. दोन हजार वर्षं नाही हो. जन्म ४७६ चा, ग्रंथ ४९९ चा, तेव्हा पोरगं २३ वर्षांचं. ग्रंथ केवढा, तर १२१ श्लोक. त्यात त्यानं ४३,२०,००० वर्षांचं एक युग धरलं आणि सांगितलं की एवढ्या काळात चंद्राच्या ५,७७,५३,३३६ फेऱ्या होतात आणि दिवस होतात १,५७,७९,१७,५००. एवढं मोठं युग कायले, असं वर्गात पोरं विचारायची. कारण दशांश अपूर्णांक लिहायची सोय नव्हती. आपण पावणेतीन क्विंटल म्हणायचं टाळायला २७५ किलो म्हणतो की नाही, तसंच, युग एवढं मोठं घ्यायचं की सगळ्यांच्या फेऱ्या पूर्ण आकड्यात बसल्या पाहिजेत. मग फक्त त्रैराशिक. चंद्राच्या फेऱ्यांतून सूर्याच्या ४३,२०,००० वजा केल्या की उरले चांद्रमहिने, ५,३४,३३,३३६. दिवसांना त्यानं भागा. उत्तर येतं २९.५३०५८ दिवस. आजचा आकडा २९.५३०५९ आहे. मी पहिल्यांदा हा भागाकार केला तेव्हा चहा गार झाला होता.

संत्रानगरी

हे सगळं वेदातच लिहून होतं मास्तर, आर्यभटानं फक्त कॉपी मारली. बाहेरच्या लोकांनी आपल्याकडून चोरलं अन् आज आपल्यालेच शिकवतात. मले व्हॉट्सअपवर एक मोठा मेसेज आला हाय, फॉरवर्ड करू का?

निवृत्त_मास्तर (अकोला जिल्हा)

नको करू भाऊ, माझ्याकडे तो मेसेज सात ग्रुपवरून आलाय.

वेदांग ज्योतिष नावाचा जुना ग्रंथ आहे, लगधाच्या नावानं. त्यात पाच वर्षांचं युग, १८३० दिवस, ६२ चांद्रमहिने, म्हणजे ६० नेहमीचे आणि दोन अधिक. हिशोब सुटसुटीत आणि त्या काळाला कमालच. पण १८३० भागिले ५ म्हणजे वर्ष ३६६ दिवसांचं झालं. पाच वर्षांत जवळपास पावणेचार दिवसांची चूक. आर्यभटाचं वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटं ३० सेकंदांचं, आजच्या नाक्षत्र, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, वर्षाहून फक्त ३ मिनिटं २० सेकंद जास्त. मग कॉपी कशी काय म्हणता? मधल्या लोकांनी रात्री जागून आभाळ बघितलं, जुने आकडे चुकतात हे मान्य केलं, तेव्हा कुठं इथवर आलं. त्यांची मेहनत तुम्ही एका मेसेजात वेदात ढकलून मोकळे झाले.

आणि चोरी म्हणाल तर देणंघेणं दोन्हीकडून झालं. वराहमिहिर या जुन्या ज्योतिष्यानं पंचसिद्धांतिका या ग्रंथात पाच सिद्धांत, म्हणजे आभाळाच्या गणिताच्या पोथ्या, सांगितल्या, पौलिश, रोमक, वासिष्ठ, सौर आणि पैतामह. त्यातल्या रोमकाचं नावच सांगते की ते कुठल्या बाजूचं. आपण भूमितीत केंद्र म्हणतो तो शब्द ग्रीकांचा, होरा पण त्यांचाच. वराहमिहिराला त्यात लाज वाटली नाही, आपल्याला काऊन वाटावी?

आपसात तर ते लोक असे भांडत की तुमचा पार फिका पडेल. आर्यभट म्हणाला पृथ्वीच स्वतःभोवती फिरते, नावेत बसलेल्याला काठावरची झाडं उलटी पळताना दिसतात तसे आपल्याला तारे पश्चिमेला पळताना दिसतात. आपल्याला नाव कुठं, आपण अकोट-अकोला एस्टीच्या खिडकीतून बाभळी पळताना बघतो, तेच ते. युगात पृथ्वीच्या फेऱ्या किती हेसुद्धा त्यानं दिलंय, १,५८,२२,३७,५००. सव्वाशे वर्षांनी भिनमाळच्या ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये त्याची यासाठी चांगलीच हजेरी घेतली, की पृथ्वी फिरते तर उंचावरच्या वस्तू पडत काऊन नाहीत? यात ब्रह्मगुप्त चुकला. पण शून्यासोबत बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम त्याच पुस्तकात आहेत. मोठा माणूस एका पानावर चूक आणि दुसऱ्या पानावर बरोबर असू शकतो.

घटी_पळ (कारंजा लाड)

उशिरा आलो. आमच्या घरात पणजोबापर्यंत पंचांग हातानं मांडत, आता छापील आणतो. वावरवाला यांच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे घटी-पळ कसे काढत याला, अजून कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

आर्यभट, भास्कराचार्य हे मूळ पुरुष. भास्कराचार्य तर आपल्या बाजूचेच म्हणा, चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा. पण खेड्यातला जोशी रोज काय वापरायचा, तर ग्रहलाघव हा ग्रंथ. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा, शके १४४२ म्हणजे १५२० सालचा. या माणसानं काय केलं, तर सिद्धांतात जे ज्या-कोटिज्येचे कोष्टक लागतात, ज्यांना आज साइन-कोसाइन म्हणतात, ते सगळं बाजूला ठेवलं. नुसत्या गुणाकार-भागाकारावर ग्रह काढून दाखवले. शिवाय युगाच्या सुरुवातीपासून दिवस मोजत बसायला नको म्हणून ११ वर्षांचं एक चक्र केलं, ४०१६ दिवसांचं, म्हणजे आकडा चार अंकांच्या पुढे फारसा जातच नाही. धुळाक्षराच्या पाटीवर मावला पाहिजे, हा विचार. विद्वान लोक आर्यभटाचं नाव घेतात पण माझ्या मते महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या घरात आभाळ आणून ठेवलं ते या गणेशानं.

घटी म्हणजे २४ मिनिटं, दिवसरात्रीच्या ६०. घटीची ६० पळं, पळ म्हणजे २४ सेकंद. आणि मोजणी सूर्योदयापासून, हे विसरू नका, कारण खरी गंमत तिथं आहे. कारंज्याचा सूर्योदय आणि काशीचा सूर्योदय एक नाही. म्हणून प्रत्येक गावाची पलभा लागते. विषुवदिनी, म्हणजे दिवसरात्र सारखी असते त्या दिवशी, १२ अंगुळांची काठी सपाट जागेत उभी करायची आणि ऐन दुपारची सावली मोजायची. जेवढे अंगुळं ती पलभा. उज्जैनची ५ अंगुळं ८ व्यंगुळं (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग), आपल्या अमरावती-अकोला भागाची साडेचारच्या जराशी वर. तिला तीन ठिकाणी मांडून १० नं, ८ नं आणि १० भागिले ३ नं गुणायचं. आलेले तीन आकडे, म्हणजे चरखंडं, मिळवली की मोठ्यात मोठा दिवस सकाळी किती आणि संध्याकाळी तेवढाच किती वाढतो ते पळात हातात येतं. बस्स.

आमच्याकडे तांब्याची घटिकापात्राची वाटी आहे, बुडाला सुईएवढं भोक. घंगाळात पाण्यावर सोडली की भरत भरत एका घटीत बुडते. लग्नात मुहूर्ताला तिच्यावर एक माणूस बसवत आणि तो डुलक्या खायचा, मग मुहूर्ताचं काय व्हायचं ते विचारू नका.

अजून एक आपल्या अभिमानाची गोष्ट सांगतो, कारण विदर्भात हे फार जणांना माहीत नाही. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, बाजूला पयोष्णीकाठी दधिग्राम नावाचं गाव होतं. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा असं आपल्याकडे मानतात. तिथलं एक ज्योतिषी घराणं पुढं काशीला गेलं. त्यातल्या कृष्ण दैवज्ञानं भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका, म्हणजे उलगडून सांगणारं भाष्य, लिहिली, त्याचा भाऊ रंगनाथ यानं १६०३ मध्ये सूर्यसिद्धांतावरची गूढार्थप्रकाशक टीका पुरी केली, आणि रंगनाथाचा मुलगा मुनीश्वर तोही मोठा गणिती. सूर्यसिद्धांत समजून घ्यायचा तर आजही लोक रंगनाथाचा हात धरतात. मूळ खारपाणपट्ट्याच्या शेजारचं बरं का वावरवाला भाऊ.

निवृत्त_मास्तर (अकोला जिल्हा)

पलभेचं निघालं म्हणून सांगतो. नोकरीत असताना एका २३ सप्टेंबरला शाळेच्या आवारात पोरांना घेऊन केलं होतं. ६० सेंटिमीटरची काठी घेतली म्हणजे एक अंगुळ बरोबर ५ सेंटिमीटरचं. सावली २३ सेंटिमीटर आली. म्हणजे ४.६ अंगुळं. मग १० नं गुणून ४६, ८ नं गुणून ३७, तिसरं १५, बेरीज ९८ पळं. सकाळी तेवढी आणि संध्याकाळी तेवढी, म्हणजे १९६ पळं, ३ घटी १६ पळं. साध्या ३० घटींच्या दिवसात मिळवली तर मोठा दिवस ३३ घटी १६ पळांचा, १३ तास १८ मिनिटं. पेपरात २१ जूनचे सूर्योदय-सूर्यास्त बघितले तर पाचेक मिनिटं जास्त निघतात, कारण पेपरवाले सूर्याची वरची कड दिसली की उगवला म्हणतात आणि हवेतून प्रकाश वाकतो तोही धरतात. एका काठीनं आणि तीन गुणाकारांनी एवढं जवळ. पोरांपेक्षा मीच जास्त उड्या मारल्या. हेडसरांनी विचारलं सिलॅबसमध्ये कुठं आहे हे, ते सोडा.

संत्रानगरी

बरं मास्तर मानलं. मग एक सांगा, मिरग कायमचाच ७ जूनले राहणार का? आमचे आजोबा म्हणायचे पूर्वी संक्रांत १३ ले यायची, आता १४ नाईतं १५.

निवृत्त_मास्तर (अकोला जिल्हा)

आता कसं, चांगला प्रश्न विचारला. नाही राहणार. आपण सूर्य ताऱ्यांच्या मागच्या पडद्यावर मोजतो, इंग्रजी कॅलेंडर ऋतूवर मोजतं. दोन्ही वर्षांत वीसेक मिनिटांचा फरक आहे, तो साठत साठत साधारण ७२ वर्षांत एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आता बघा कुठं आली.

उलट मागं जा. आर्यभटाच्या वेळी मेष संक्रांत २१ मार्चच्या आसपास, दिवसरात्र सारखी असायची तेव्हाच. आज ती १४ एप्रिलला. तीन आठवड्यांच्या वर सरकली. म्हणजे त्याच्या काळी सूर्य मृगात मेच्या मध्यालाच जायचा, आणि तेव्हा कापूस पेरायला निघाला असता तर बियाणं भाजून निघालं असतं. तेव्हा मिरग आणि पाऊस ही जोडी अनादि काळाची नाही, मधल्या काही शतकांत जुळलेली आहे आणि अजून काही शतकांनी तुटणार आहे. तेव्हाचे शेतकरी पाऊस आला तरी मिरग लागला नाही म्हणत बसतील, किंवा रोहिणीवर पेरतील. ही सरक किती धरायची, म्हणजे अयनांश किती, यावरच टिळक पंचांग आणि बाकीची पंचांगं यांच्यात चार अंशांचं भांडण आहे, म्हणून त्यांची संक्रांत १० जानेवारीला येते. त्या वादात मी पडत नाही, घरात बायको टिळक पंचांगवाली आहे.

वावरवाला (दर्यापूर तालुका)

बाप्पा, एवढं सगळं! पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं. मिरग सरकते हे ऐकून दोन्ही काका एक झाले अन् आता दोघं मिळून माह्याशी भांडून रायले.

मले एक वेगळंच सुचलं. माह्या बाबाची जन्मतारीख शाळेत १ जून मांडली हाय. आमच्या गावात अर्ध्या लोकाचा वाढदिवस १ जूनलेच असते, मास्तरले सोयीचं पडे म्हणून. खरी तारीख कोणालेच ठाव नाई. आजी एवढंच सांगते का बहात्तरच्या दुष्काळाचं साल होतं, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाला अन् वार मंगळवार, म्हणून लहानपणी त्याले मंगळ्याच म्हणत. याच्यावरून आर्यभटाच्या पद्धतीनं तारीख निघन का? मोबाईलवर निघते हे मले माहीत हाय, पण पद्धत कशी चालते थे पायचं हाय.

यवतमाळची_लेक

निघेल ना! मी इंजिनिअरिंगला आहे, मागच्या सेमला टाइमपास म्हणून याचा प्रोग्रॅम लिहिला होता, पण इथं हातानंच करते. याला अहर्गण काढणं म्हणतात, कलियुग सुरू झाल्यापासून किती दिवस उलटले ते. सुरुवात धरतात इसवी सनापूर्वी ३१०२ च्या १८ फेब्रुवारीला, शुक्रवार.

१९७२ च्या पाडव्याला शके १८९४ लागला. शकात ३१७९ मिळवले की कलियुगाची गेलेली वर्षं, ५०७३. त्याला १२ नं गुणलं, ६०,८७६, आणि श्रावणाआधीचे चैत्र ते आषाढ चार महिने मिळवले, ६०,८८० सौर महिने. आता आर्यभटाच्या युगात सौर महिने ५,१८,४०,००० आणि अधिक महिने १५,९३,३३६, म्हणजे साधारण साडेबत्तीस महिन्यांला एक धोंडा पडतो. त्रैराशिक मांडलं तर आपल्या वाट्याला १८७१ अधिक महिने आणि वर थोडंसं उरतं, ते सोडायचं. थोडंसंच उरतं म्हणजे नुकताच एक अधिक महिना होऊन गेलाय, आणि खरंच त्या वर्षी अधिक वैशाख होता. मिळवले, ६२,७५१ चांद्रमहिने. ३० नं गुणून तिथी करा, १८,८२,५३०. नागपंचमीचा दुसरा दिवस म्हणजे श्रावण शुद्ध षष्ठी, पाच तिथी उलटून गेल्या, त्या धरून १८,८२,५३५.

पण तिथी म्हणजे दिवस नाही, तिथी दिवसापेक्षा जराशी लहान, म्हणून मधूनमधून एखादी गळते, ती क्षयतिथी. युगात तिथी १,६०,३०,००,०८० आणि दिवस १,५७,७९,१७,५००, म्हणजे २,५०,८२,५८० तिथी गळाल्या. परत त्रैराशिक, आपल्या वाट्याच्या २९,४५६. वजा केल्या.

अहर्गण १८,५३,०७९.

वार बघायला ७ नं भागा, बाकी ४. शुक्रवार शून्य, शनि १, रवि २, सोम ३, मंगळ ४. मंगळवार!! मी ओरडले तर रूममेट उठली.

वार जुळणं इथं फार कामाचं आहे कारण हा हिशोब मधल्या गतीचा असतो, खरा चंद्र पुढेमागे असतो, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. जुने लोकही असंच करत, अहर्गण काढला की वारावर तपासत आणि गरज पडली तर एक वाढवत किंवा कमी करत. तुमच्या आजीचा मंगळवार इथं पुराव्यासारखा उभा राहिला.

अजून खात्री पाहिजे म्हणून त्याच अहर्गणावरून मधला सूर्य आणि चंद्र काढला. सूर्य १२० अंशांवर, म्हणजे कर्क रास संपत आलेली, चंद्र साडे १८६ वर, चित्रा नक्षत्र सरता सरता. फरक साडे ६६ अंश. एक तिथी १२ अंशांची, म्हणजे पाच पूर्ण झाल्या आणि सहावी चालू. षष्ठी. बसलं.

आता इंग्रजी तारीख. १ जानेवारी २००० चा अहर्गण १८,६३,०७९ येतो, त्याची ७ नं बाकी १, शनिवार, आणि तो दिवस शनिवारच होता. त्यातून आपला वजा केला तर बरोबर १०,००० दिवस. मला वाटलं कुठंतरी शून्य चुकलं, दोनदा तपासलं. १ जानेवारी २००० पासून दहा हजार दिवस मागं गेलात की येतो १५ ऑगस्ट १९७२.

तुमचे बाबा स्वातंत्र्यदिनाला झाले काका.

जाता जाता एक, आर्यभटानं हे भलेमोठे आकडे श्लोकात कसे कोंबले ते बघा. ख म्हणजे २, य म्हणजे ३०, घ म्हणजे ४, आणि स्वर सांगतो की कुठल्या स्थानावर, उ असला की दहा हजार पट, ऋ असला की दहा लाख पट. मग ख्युघृ म्हणजे ३२ दहा हजार आणि ४ दहा लाख, ४३,२०,०००. दोन अक्षरांत युग! आम्हाला डेटा कॉम्प्रेशन शिकवतात तेव्हा हे कोणीच सांगत नाही. उच्चारायला गेलं तर जीभ वळत नाही, तेवढं सोडून.

घटी_पळ (कारंजा लाड)

शाब्बास पोरी. आमच्या पणजोबानं हे बघितलं असतं तर वाटी तुला देऊन टाकली असती. गणित बरोबर आहे, मी ग्रहलाघवानं पडताळलं, षष्ठी आणि मंगळवारच.

वावरवाला (दर्यापूर तालुका)

मंडळी, काय सांगू. आजीले जाऊन सांगतलं का मंगळ्या १५ ऑगस्टचा हाय. बुढी उलीसक थांबली अन् म्हणे, "व्हय तं, थ्या दिवशी शाळेतून पोट्टे गोळ्या घेऊन आले होते, तुह्या आत्यानं तिच्या वाट्याची गोळी मंगळ्याच्या तोंडाले लावली अन् मी तिले हाणली." एवढे वर्ष झाले, गोळी ध्यानात होती पण गोळी कायची थे कोणी इचारलंच नाई.

आत्याले फोन लावला तं ती म्हणते मले मार आठवते, गोळी आठवत नाई.

बाबा म्हणते आधारवर १ जूनच राहू द्या, कागदं बदलवता बदलवता मिरग निघून जाईन. पण पंधरा ऑगस्टले जिलेबी आणजा म्हणते, झेंड्याच्या नावानं आणा का माह्या नावानं आणा.

दुपारपासून आभाळ भरून येऊन रायलं, बियाणं झाकाचं हाय. बाकीचं मंग बोलू.